हैबतीचा जड गोळा

फार जुन्या काळी, काळ्या कातळाच्या डोंगरांत एक गाव होतं. काळ इतका जुना की गावात कुलूप कुणी पाहिलं नव्हतं. संशय मात्र होता. तो कुलपाच्या आधीच जन्मलेला आहे, हे लहानांनी ध्यानात ठेवावं आणि मोठ्यांनी उगाच नाकारू नये.

त्या गावात हैबती नावाचा पाथरवट राहायचा. जाती, पाटे, वरवंटे, उखळी घडवायचा. हाताचा इतका सफाईदार की त्याच्या जात्यातून पीठ मऊसूत पडायचं. मनाचं मात्र उलट होतं. पीठ थोडं कमी भरलं की त्याला वाटायचं, दळणारणीने मूठभर लांबवलं. कौलावर कावळा बसला की वाटायचं, हा कुणाच्या घरून आला ते बघायला हवं. कुणी रामराम घातला तर आज का घातला, आणि नाही घातला तर का नाही, याचा विचार तो संध्याकाळपर्यंत करायचा. त्याची बायको येसाई म्हणायची, या माणसाला देवाने अन्न पचवायला पोट दिलं, पण रामराम पचवायला काहीच दिलं नाही.

हैबतीच्या शेजारी भिवजीचा पानमळा होता. दोघे एका वयाचे, एकाच डोहात पोहायला शिकलेले. एकाने गटांगळी खाल्ली की दुसऱ्याने शेंडी धरून वर काढायचं, असं बालपण गेलेलं. भिवजी कमी बोलायचा. आणि कमी बोलणारा माणूस संशयी माणसाच्या शेजारी राहायला आला की दोघांचंही नशीब फुटकं समजावं, कारण जे तो बोलत नाही ते सगळं संशयी माणूस मनातल्या मनात त्याच्या तोंडी घालत असतो.

दोघांच्या घरांना पाणी एकाच झऱ्याचं. डोंगरातून झरा खाली येई, एका जागी त्याचे दोन पाट फुटत, एक हैबतीकडे, एक भिवजीकडे. फाट्यावर मधोमध एक मोठा धोंडा होता, दोघांच्या आजोबांनी मिळून बसवलेला. तो ज्याच्या बाजूला सरकेल त्याचा पाट अडणार आणि दुसऱ्याला पाणी जास्त मिळणार, असा साधा हिशेब होता. आजवर त्या धोंड्याला कुणी हात लावला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळा जळजळीत पडला. त्यातच हैबतीची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बाळंतिणीचं घर म्हणजे पाणी हवंच. तिची अंघोळ, बाळाची अंघोळ, दुपट्यांची धुणी. आणि नेमका तेव्हाच हैबतीचा पाट दिवसेंदिवस बारीक होत चालला. आधी हातभर रुंद वाहायचा, तो आता वीतभर झाला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, उन्हाळा आहे, झरा आटतोय. हैबती म्हणाला, "पानी काय आपसूक कमी हुतंय व्हय?" आणि काठी घेऊन तो डोंगर चढला.

फाट्यापाशी पोचला आणि जागीच थबकला. धोंडा सरकवलेला होता. त्याच्या अंगावरचं शेवाळ खरवडलं गेलं होतं, पहारीच्या टोकाच्या पांढऱ्या खुणा ताज्या होत्या. हैबती पाथरवट. दगडावर पहार कधी लागली हे त्याला कुणी सांगायला नको.

धोंडा कुठल्या बाजूला सरकलाय, हे मात्र त्याने पाहिलं नाही. बघायला वाकावं लागलं असतं, पाट निरखावा लागला असता. पण संशयी माणसाला पुरावा एकच लागतो. तो सापडला की दुसरा बघायला तो थांबत नाही. हैबती तिथूनच माघारी फिरला, दात खात खाली उतरला.

वाटेत भिवजीचा मळा लागला. कुंपणाच्या वरून हैबतीने नजर टाकली. आत शेवरीची झाडं हिरवीगार डोलत होती. गावाचं सगळं रान करपलेलं, आणि याचा मळा हिरवा. आणखी काय हवं होतं?

तेवढ्यात कुंपणापलीकडून भिवजीच उगवला. त्याने विचारलं, "लेक-नात बरी हाय न्हवं? पानी पुरतंय का?"

बघा, म्हणजे प्रश्न किती साधा. पण हैबतीच्या कानात तो शिरला तेव्हा त्याला शिंगं फुटलेली होती. याने पाण्याचंच का विचारलं? चोराच्या मनात चांदणं. चोरी पुरेशी झाली की नाही, की अजून करायला वाव आहे, ते हा चाचपून बघतोय. "पुरतंय," एवढंच म्हणून हैबती निघाला आणि घरी न जाता तडक देवळाकडे गेला.

आता त्या गावाची तंटा सोडवण्याची रीत सांगायला हवी, कारण तशी रीत मी तरी दुसरीकडे ऐकलेली नाही.

देवीच्या देवळासमोर दोन पुरुष उंचीची दगडी चौकट होती. तिच्या तुळईवरून चामड्याच्या लांब पट्ट्यांनी दोन दगडी गोळे शेजारी शेजारी टांगायचे, एकमेकांना नुसते टेकतील असे. प्रत्येक घराचा आपापला गोळा असे. नवं घर मांडलं की एकाच कातळातून तो घडवायचा, वर लोखंडी कडी बसवायची आणि देवीच्या गोळ्याशी तराजूत तोलून घ्यायचा. गावातले सगळे गोळे एका वजनाचे. सावकाराचा गोळा सालगड्याच्या गोळ्याहून गुंजभरही जड नसे.

ज्याची फिर्याद असेल त्याने आपला गोळा मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा. तो येऊन समोरच्याच्या गोळ्यावर आदळला की ठणकन आवाज व्हायचा आणि बघणाऱ्याला दर वेळी नवल वाटावं असं काही घडायचं. धावत आलेला गोळा जागच्या जागी थांबायचा आणि थांबलेला गोळा निघायचा. पहिला जितक्या उंचीवरून सुटला होता, जवळपास तितकाच वर दुसरा चढायचा. मग तो परत येऊन पहिल्याला धडकायचा, स्वतः थांबायचा आणि पहिला पुन्हा वर. धक्का मधे कुठे सांडत नसे. आवाजात जाईल तेवढाच जायचा, बाकीचा पुरता दुसऱ्याच्या पदरात पडायचा आणि तितकाच परत यायचा. म्हणून शहाणी माणसं गोळा फार लांब ओढत नसत.

गोळ्याबरोबर बोलणं चालायचं. ज्याचा गोळा हवेत, त्याने बोलायचं. ज्याचा थांबलेला, त्याने गप्प राहून ऐकायचं. एका हेलकाव्यात मावेल एवढं एकच वाक्य, आणि तेही खरं, कारण समोर देवी. आपला गोळा हवेत असताना जो गप्प बसेल त्याचा दावा बुडाला. एकदा सोडलेल्या गोळ्याला कुणी हात लावायचा नाही. धडका हळूहळू मंदावत जायच्या आणि शेवटी दोन्ही गोळे एकमेकांना टेकून एकत्रच डुलू लागायचे. तोवर दोन्ही माणसांच्या मनातलं बाहेर आलेलं असे. मग दोघांनी झऱ्याचं पाणी एका तांब्यातून प्यायचं आणि गुन्हा ज्याने कबूल केला असेल त्याने शिक्षा भोगायची. याला गाव गोळ्यांचा कौल म्हणायचं.

पाणी तोडणाऱ्याला शिक्षा एकच होती. त्याचा पाट कायमचा बुजवायचा. भिवजीचा पाट बुजला की त्याचा मळा गेला, आणि मळा गेला की भिवजीला गाव सोडण्यावाचून दुसरी वाट नव्हती. हे हैबतीला ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्याने देवळाच्या गुरविणीला, चंद्राईला, कौल मागितला.

चंद्राई म्हातारी होती. गावातल्या निम्म्या लोकांच्या नाळा तिने कापलेल्या. तिने हैबतीला विचारलं की आधी भिवजीशी बोललास का. हैबती म्हणाला, चोराशी काय बोलायचं.

"मग वढ गोळा," चंद्राई म्हणाली. "पर जेवढा वढशील तेवढा तुझ्याकडं परत येईल, एवढं ध्यानात धर."

निरोप भिवजीकडे गेला. भिवजीने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, बरं, येतो. ना राग, ना रडारड, ना आळ फेटाळणं.

हे ऐकून हैबतीची झोप उडाली. इतक्या सहज हो म्हणाला? ज्याच्यावर आळ येतो तो आकांडतांडव करतो, देवाच्या आणाभाका घेतो. हा नुसता बरं म्हणतो, म्हणजे याने काहीतरी योजून ठेवलंय. काय योजलं असेल? हैबतीने खूप डोकं खाजवलं आणि त्याला ते सापडलं. जे शोधायचं ठरवलेलं असतं ते सापडायला वेळ लागत नाही. भिवजीने आपला गोळा जड केला असणार.

विचार अगदीच खुळचट नव्हता. गोळ्याला कडी बसवताना भोक पाडून त्यात वितळलेलं शिसं ओततात, म्हणजे लोखंड दगडाला घट्ट धरतं. भोक मोठं पाडलं, आतून दगड पोखरला आणि सगळं शिसं भरलं, तर बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही. आणि गोळा एकदा तोलला की पुन्हा कधी कुणी तोलत नसे. असा जड गोळा समोर टांगलेला असला आणि त्यावर हलका गोळा येऊन आदळला, तर हलकाच उलटा फिरतो. गावात मानायचे की फिर्यादीचा गोळा उलटा फिरला तर फिर्यादच उलटली. आजवर असं झाल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. हैबतीच्या मनात मात्र ते घडूनही गेलं होतं. सगळं गाव हसतंय आणि भिवजी मिशीतल्या मिशीत, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

मग त्याने काय केलं, ते तुम्ही ओळखलं असेलच. भर दुपारी, घर झोपलेलं असताना, तो आपला गोळा घेऊन मागच्या छपरात बसला. कडी उपटली, टाकीने भोक वाढवलं, आतून दगड पोखरून पोखरून गोळ्याची पार हंडी केली आणि शिसं वितळवून काठोकाठ ओतलं. कडी पुन्हा बसवली, वरून दगडाची भुकटी चोळली. काम इतकं चोख झालं की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

आपण लबाडी करतोय, असं त्याला एकदाही वाटलं नाही, हे विशेष. त्याला वाटत होतं, लबाडी भिवजीने केली, आपण फक्त बरोबरी साधली.

कौलाच्या सकाळी तो गोळा खांद्यावर घेऊन निघाला. गोळ्याचं वजन दुपटीच्या वर गेलेलं. खांदा मोडायला आला होता, पण चेहरा असा ठेवलेला की जणू भोपळाच घेऊन चाललाय. येसाई मागून चालत होती. तिने एकदा विचारलं की घाम कसला एवढा. उन्हाचा, असं हैबती म्हणाला. ऊन अजून डोंगरावरही आलेलं नव्हतं.

देवळासमोर गाव जमलं होतं. आपला गोळा आपणच टांगायचा असा नेम होता, त्यामुळे हैबतीची अडचण झाली नाही. भिवजीने आपला गोळा टांगला. हैबती त्याच्या दंडांकडे डोळे फाडून बघत होता. भिवजीने गोळा अगदी सहज उचलला. त्यावरून कुणालाही कळलं असतं की गोळा हलका आहे. हैबतीला कळलं ते एवढंच की भिवजी सोंग चांगलं करतो.

चंद्राईने हात जोडले आणि मान डोलावली. हैबतीने गोळा मागे ओढला, हात पोचेल तितका ओढला, आणि सोडला.

ठण्ण असा आवाज झाला, आणि नेहमीपेक्षा तो जाडसर होता. गाव बघत राहिलं. भिवजीचा गोळा उडाल्यासारखा वर गेला, हैबतीचा सुटला होता त्याच्याही कितीतरी वर. आणि जे कधी कुणी पाहिलं नव्हतं ते झालं. हैबतीचा गोळा थांबलाच नाही. धक्का देऊनही त्याच्यात धक्का शिल्लक राहिला होता, तो भिवजीच्या गोळ्यामागोमाग त्याच बाजूला चढत राहिला.

दोन्ही गोळे एकाच वेळी हवेत. म्हणजे दोघांनीही बोलायचं. दोघेही बोलले. हैबती मोठ्याने ओरडला, "माझं पानी तोडलंय!" आणि त्याच क्षणी भिवजी हळू आवाजात काहीतरी बोलला.

गोळे एकत्रच खाली आले. तळाशी भिवजीच्या गोळ्याने हैबतीच्या गोळ्याला मागून गाठलं, पुन्हा ठण्ण झालं, आणि आता भिवजीचा थांबला. जेवढा धक्का त्याला मिळाला होता तो सगळाच्या सगळा त्याने परत केला. हैबतीचा गोळा तो घेऊन आपल्या बाजूला वर निघाला, जवळपास पहिल्याइतकाच उंच. म्हणजे पुन्हा हैबतीनेच बोलायचं.

"धोंडा हलवल्याला म्या बघितलाय," तो म्हणाला.

गोळा परत आला, आदळला, पुन्हा दोन्ही गोळे एका बाजूला. पुन्हा दोघांनी एकदम बोलायचं. "त्यो भिवजीनंच हलवला!" हैबतीने आवाज चढवला. भिवजीचे ओठ हलले. गर्दीतून एक हुंकार उठला आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. हैबतीला वाटलं, आपलं बोलणं लोकांना पटतंय.

मग हे असंच चालू राहिलं. सारख्या गोळ्यांच्या कौलात एकदा याने बोलायचं, एकदा त्याने, आणि मधे दोघांनाही ऐकायला सवड मिळायची. इथे भिवजीचा गोळा एक हेलकावा घेऊन थांबत होता, हैबतीच्या गोळ्याला मात्र थांबणंच नव्हतं. इकडे गेला तरी हैबतीने बोलायचं, तिकडे गेला तरी हैबतीनेच. ऐकण्याची पाळी त्याच्यावर येईना.

सुरुवातीला हैबतीला बरं वाटलं. मळा हिरवा आहे, हे सांगून झालं. भिवजीने पाण्याची चौकशी केली, हेही सांगून झालं. मग त्याच्या लक्षात आलं की सांगण्यासारखं संपलंय. गोळा मात्र वर चढतच होता, आणि गप्प राहिलं की दावा बुडाला. मनात जे हाताला लागेल ते तो बाहेर काढू लागला. आणि त्या मनात संशयावाचून होतं काय?

भिवजीची बायको आपल्याला बघून हसते, असं तो म्हणाला. पुढच्या हेलकाव्याला म्हणाला की गुरविणीला भिवजीकडून फुकट पानं मिळतात. चंद्राईने डोळे मिटून घेतले. मग जावयाचं नाव निघालं, तो बारशाला मुद्दाम उशिरा आला म्हणून. मग कुंभाराचं, तेल्याचं, पलीकडच्या आळीतल्या आंधळ्या म्हातारीचंही निघालं, ती खरोखर आंधळी आहे की नाही म्हणून. गर्दीतली एकेक मान खाली जाऊ लागली. हैबतीला थांबायचं होतं, खरंच थांबायचं होतं. कपाळावरून घाम निथळत होता. पण गोळा त्याच्या हातात नव्हता.

"माझी बायकू चोरून त्याच्या घरी ताक देती," तो म्हणाला.

येसाई गर्दीत पुढेच उभी होती. ती ताक देत होती, चोरून नव्हे, भिवजीची सून आजारी होती म्हणून, आणि रोज हैबतीच्या डोळ्यांसमोरून देत होती. तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

हेलकावे आता मंदावत आले होते. हैबतीच्या मनाचा तळ लागला होता. तळाशी एकच गोष्ट उरली होती आणि ती बोलायची नव्हती. पण गोळा हवेत होता.

"भिवजीच्या गोळ्यात शिसं हाय," त्याने सांगितलं.

गोळा खाली येऊन पुन्हा वर गेला. हैबतीने जीभ चावली. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं आणि वाक्य तर अर्धंच झालं होतं.

"म्हून म्या माझ्यातबी भरलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढच्यांना विचारावं लागलं.

त्यानंतर दोन्ही गोळे एकमेकांना टेकले आणि एकत्रच संथ डुलू लागले. कौल संपला. हैबती मान खाली घालून वाट बघत राहिला. आता हसतील, थुंकतील, दगड मारतील. कुणीच काही केलं नाही. माणसं नुसती उभी होती, आणि त्यांच्या नजरेत रागाहून वेगळं काहीतरी होतं. ते काय आहे हे हैबतीला ओळखता येईना, आणि जे ओळखता येत नाही त्याची त्याला फार भीती वाटायची.

चंद्राईने तांब्या आणून आधी भिवजीपुढे धरला. भिवजीने एक घोट घेतला आणि तांब्या हैबतीकडे केला. हैबतीचा हात पुढे होईना.

"तू काय बोलला रं?" त्याने भिवजीला विचारलं. "म्या ओरडत हुतो तवा तू काय बोलत व्हतास?"

भिवजीने मान हलवली. आता कौल संपला होता, आणि कौलाबाहेर ते बोलायचं नव्हतं. शेवटी येसाई पुढे आली. नवऱ्याकडे न बघता, डुलणाऱ्या गोळ्यांकडे बघत ती बोलली.

"दोनच वाक्यं बोलला त्यो, फिरून फिरून. धोंडा मीच सरकवला, माझा पाट अडवून. आन् दुसरं, हैबतीची लेक बाळंत हाय. समद्या गावानं ऐकलं. तुम्हीच तेवढं ऐकलं न्हाई, कारन तुम्ही बोलत व्हता."

त्या गावात अशी रीत होती की बाळंतिणीला दिलेलं पाणी बोलून दाखवायचं नाही. बोलून दाखवलं की त्या पाण्याचं पुण्य जातं, असं म्हणायचे. म्हणून भिवजी गप्प राहिला होता. आळ आला तरी, कौलाला बसावं लागलं तरी गप्प. फक्त देवीसमोर खोटं बोलता येत नाही, म्हणून तेवढी दोन वाक्यं त्याच्या तोंडून निघाली होती, आणि ज्याच्यासाठी निघाली त्याच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती.

हैबती तांब्याला हात न लावता डोंगराकडे चालू लागला. फाट्यापाशी तो या वेळी गुडघे टेकून वाकला. धोंडा भिवजीच्या पाटाच्या तोंडावर बसलेला होता. भिवजीच्या पाटात बोट भिजेल एवढंही पाणी नव्हतं, तळाची माती भेगाळली होती. झराच आटला होता, आणि त्यातलं उरलंसुरलं सगळं हैबतीच्या घराकडे चाललं होतं. ज्या वीतभर पाण्यासाठी तो भिवजीवर ओरडत होता, ते भिवजीच्याच वाट्याचं होतं.

खाली येताना त्याने मळ्याचं फाटक उघडलं. कुंपणावरून दिसली होती ती शेवरी खरंच हिरवी होती. तिच्या मुळ्या खोल जातात. तिच्या आधाराने चढवलेले पानवेल मात्र बुंध्यापासून वाळले होते, आणि हात लावला की पानांचा चुरा होत होता. हैबती त्या वेलांमध्ये बसला आणि तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडला. आपल्या घरात नात खेळत होती ती या मळ्याच्या जिवावर, आणि आपण त्याच मळ्याचा पाट बुजवायला निघालो होतो, हे त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन तो धोंडा जागेवर आणायला निघाला. भिवजीने त्याला वाटेत अडवलं आणि सांगितलं की आता वेल जगायचे नाहीत, पाणी वाया कशाला घालवतोस, लेक सासरी गेली की बघू. इतकंच. शिवी नाही, टोमणा नाही. हैबतीला वाटलं, याने शेंडी धरून दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्याने घणाने आपला गोळा फोडला. दगडाचं पातळ कवच गळून पडलं आणि शिशाचा लगदा तेवढा राहिला. ज्या घरात गोळा नाही त्या घराला कौल मागता येत नाही, असा गावाचा नेम होता. म्हणजे हैबतीला आता कुणावर फिर्याद करता येणार नव्हती. लोकांनी म्हटलेलं ऐकून घेता तेवढं येणार होतं.

लोक म्हणायला लागले आणि बरेच दिवस म्हणत राहिले. कुंभार म्हणाला, तेली म्हणाला, आंधळ्या म्हातारीने तर दारात येऊन ऐकवलं. येसाई सगळ्यांत कमी बोलली. ताट वाढून ती बाजूला उभी राहायची आणि म्हणायची की मीठ बेतानं घातलंय, कमी वाटलं तर कुणी चोरलेलं नाही. हैबती मान खाली घालून जेवायचा. पुढच्या पावसाळ्यात भिवजीने नवे वेल लावले, तेव्हा खड्डे खणायला हैबती गेला. भिवजीने नको म्हटलं नाही. पण पूर्वीसारखी, डोहाकाठची बोलणी काही पुन्हा निघाली नाहीत.

बऱ्याच काळाने चंद्राईने त्याला बोलावलं. म्हणाली, कातळातून नवा गोळा घडवून आण, मी स्वतः तोलून देते, शिक्षा पुष्कळ झाली.

हैबती म्हणाला, "नगं आजी. भिवजी अजून मनातलं बोलला न्हाई. त्यो बोलंस्तवर माझी पाळी ऐकायची."

लहानथोरांनी यातून गाठीला बांधायचं ते एवढंच: आपलं सांगून जो थांबतो त्यालाच दुसऱ्याचं ऐकू येतं, आणि संशयाने जड झालेलं मन कधी थांबत नाही.